भाच्याचं नाव धुंडिराज ठेवावं का? अर्थ, उगम आणि अनुभव हवेत

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. माझ्या भावाला मुलगा झालाय. बारसं पुढच्या रविवारी, इथे नाशकातच इंदिरानगरला. आत्या म्हणून कानात नाव सांगायचा मान माझा आणि नाव शोधायचं कामही सगळ्यांनी माझ्याच गळ्यात घातलंय.

बाळाचं नक्षत्र पूर्वाषाढा, चरण चौथा. पंचांगात या नक्षत्राची अक्षरं भू, धा, फा, ढा. म्हणजे आमच्या वाट्याला ढ आलाय. गुरुजी म्हणाले, ढ वरून कोण नाव ठेवतं, दुसऱ्या चरणाचा ध घ्या किंवा नावरसाचं नाव पत्रिकेपुरतं ठेवून व्यवहारात हवं ते ठेवा. लगेच घरात ध ची यादी सुरू झाली. ध्रुव, धैर्य, धवल, धनंजय. नावं छानच आहेत, पण माझ्या मनात तेव्हापासून एकच नाव घोळतंय, धुंडिराज. संस्कृतात ते ढुण्ढिराज आहे, त्यामुळे पत्रिकेतला ढ सुटत नाही. आणि मराठीत लिहायचं झालं तर धुंडिराज, म्हणजे ध वाल्यांचंही समाधान.

घरची मतं अशी. भावाला नाव आवडलंय, पण शाळेत चिडवतील अशी धास्ती आहे. वहिनीचं म्हणणं, अर्थ नीट कळला तर मी तयार आहे, नुसतं जुनं आहे म्हणून नको. आई म्हणते, अगं ते धोंडो-धोंडिबासारखं वाटतं, नवसाचं नाव, आपल्या बाळाला कशाला? नाव सांगणाऱ्या संकेतस्थळांवर ‘गणपतीचे एक नाव’ एवढ्यावर काम भागवलंय. मला ते पुरत नाही. ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा. अर्थ काय, आलं कुठून, कुणाकुणाचं होतं, आणि आज कुणी ठेवतं का.

पंचवटीकर

ताई, अभिनंदन! नाशिककरांना हे नाव परकं वाटायचं कारणच नाही. दादासाहेब फाळक्यांचं पूर्ण नाव धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान, त्यामुळे मुलाचं नाव अर्थ जाणूनच ठेवलं असणार. ३ मे १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत कोरोनेशनला लागला आणि त्यानंतर ते बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही घेऊन नाशकात आले. पुढची बरीच कामगिरी इथलीच आणि १६ फेब्रुवारी १९४४ला गेले तेही इथेच.

मला नेहमी एका गोष्टीचं वाईट वाटतं. एवढा मोठा माणूस, पण त्याच्यामुळे हे नाव काही पसरलं नाही. पुरस्कार दादासाहेबांच्या नावाने, पांडवलेण्यांच्या पायथ्याचं स्मारक फाळक्यांच्या नावाने. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना धुंडिराज हा शब्द ठाऊक असेल? एखादा नट किंवा खेळाडू गाजला की पुढच्या दोन-तीन वर्षांत बालवाडीत त्याच्या नावाची चार पोरं असतात. फाळक्यांच्या बाबतीत ते झालं नाही, कारण लोकांच्या तोंडी कायम ‘दादासाहेब’च राहिलं.

एक सहज आठवलं. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदासाचं काम करणारा त्यांचा मुलगा भालचंद्र. तेही गणपतीचंच नाव.

मंदाकिनीतीरी

वहिनींना अर्थ हवाय ना, मग मुळापासूनच सांगते. आमच्या घरी काशीखंड वाचायची पद्धत होती, त्यामुळे ही कथा लहानपणापासून कानावर आहे.

स्कंदपुराणाच्या काशीखंडात दिवोदास राजाची कथा येते. पृथ्वीवर अवर्षण पडलं तेव्हा ब्रह्मदेवाने त्याला राज्य करायला सांगितलं. त्याने अट घातली, देवांनी पृथ्वी सोडून आपापल्या ठिकाणी जावं, तरच मी राज्य करीन. मग शंकरालाही काशी सोडून मंदर पर्वतावर जावं लागलं. काशीचा विरह त्याला सोसवेना. राजाला काशीतून हलवायला त्याने आधी योगिनी पाठवल्या, मग सूर्य, मग ब्रह्मदेव, मग गण. जो जातो तो काशीत रमतो आणि तिथेच राहतो! राजा धर्माने वागणारा, त्याच्यात खोट कुणाला सापडेना.

शेवटी गणपती निघाला. तो म्हाताऱ्या ज्योतिषाचं रूप घेऊन काशीत आला, घरोघर जाऊन लोकांना स्वप्नांचे अर्थ सांगू लागला. राणीने त्याला वाड्यात बोलावलं, मग राजानेही. त्याने राजाला सांगितलं, आजपासून अठराव्या दिवशी उत्तरेकडून एक ब्राह्मण येईल, तो सांगेल तसं कर. तो ब्राह्मण म्हणजे विष्णू. पुढे दिवोदास स्वर्गाला गेला आणि शंकर काशीत परतला. परतल्यावर त्याने गणपतीची जी स्तुती केली, त्यात या नावाचा उलगडा आहे:

अन्वेषणे ढुण्ढिरयं प्रथितोऽस्ति धातुः
सर्वार्थढुण्ढिततया तव ढुण्ढिनाम ।
काशीप्रवेशमपि को लभतेऽत्र देही
तोषं विना तव विनायक ढुण्ढिराज ॥

शोधणे या अर्थी ढुण्ढ् हा धातू प्रसिद्ध आहे. सगळे अर्थ, म्हणजे सगळे पुरुषार्थ तू धुंडाळलेस म्हणून तुझं नाव ढुण्ढि. तू प्रसन्न झाल्याशिवाय काशीत पाऊल तरी कुणाला टाकता येईल?

इथे बापाने मुलाची वाखाणणी केली आहे. जे योगिनींना, सूर्याला, ब्रह्मदेवाला जमलं नाही ते याने केलं, तेही कुणाशी न भांडता, शहरात मिसळून, लोकांचं ऐकून घेऊन. मुलासाठी याहून चांगला अर्थ मला तरी सुचत नाही.

काशीत ढुंढिराजाचं स्थान अन्नपूर्णेच्या देवळाजवळच, विश्वनाथाच्या वाटेवर. शेंदूर लावलेली मूर्ती आहे. काशीच्या छप्पन्न विनायकांमध्ये मान याचा पहिला. आधी ढुंढिराजाला नमस्कार, मग विश्वनाथ.

गोदाकाठची

मंदाकिनीताई, हे आत्ताच वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. अठराव्या दिवसाची गोष्ट तिला फार आवडली. काशीखंडातलं आणखी काही असेल तर नक्की लिहा.

मंदाकिनीतीरी

एक राहिलंच. त्याच स्तुतीत माघ शुद्ध चतुर्थीचं व्रत सांगितलं आहे. त्या दिवशी ढुंढिराजाची पूजा करायची, नक्त करायचं, म्हणजे दिवसभर उपास करून रात्रीच जेवायचं, आणि पांढऱ्या तिळाचे लाडू खायचे. म्हणजे आपली माघी गणेशजयंती. नाव ठेवलंत तर त्या दिवशी घरात तिळाचे लाडू होऊ द्या, बाळाला आपल्या नावाचा सण मिळेल.

मेनरोड

मी थोडं विरुद्ध बोलतो, रागावू नका. पुराणातला अर्थ घरात राहतो. शाळेत, मैदानात आणि नोकरीत मुलाच्या वाट्याला येतो तो नावाचा आवाज. धुंडिराजचं पहिल्याच दिवशी ‘धुंडी’ होणार आणि दुसऱ्या दिवशी ‘धुंदी’. ढ वरून लिहिलंत तर विचारूच नका, ‘ढ’ म्हणजे काय हे मराठी शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. माझ्या एका मित्राचं नाव असंच वेगळं होतं. आम्ही सगळ्यांनी त्याला दहावीपर्यंत त्यावरून छळलं. आज त्याचं मला वाईट वाटतं, म्हणूनच सांगतोय. गणपतीचंच हवं असेल तर हेरंब ठेवा, मयुरेश ठेवा, अमेय ठेवा.

अक्षरओळख

शब्दाच्या वाटेबद्दल थोडं लिहितो, कारण तो प्रवास सुंदर आहे.

काशीखंड ढुण्ढ् हा धातू ‘प्रथित’ म्हणजे प्रसिद्ध आहे असं म्हणतं. पण त्याचा तोंडवळा बोलीभाषेतला आहे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘गवेष्’ म्हणजे शोधणे, याला प्राकृतात कोणते शब्द चालतात ते दिलंय. त्यात ढुंढुल्ल आणि ढंढोल हे दोन आहेत. पहिल्याच्या घरातलं आपलं धुंडणे, धुंडाळणे आणि हिंदीतलं ढूँढना. दुसऱ्याच्या घरातलं आपलं धांडोळा घेणे. म्हणजे हा देव लोकांच्या तोंडच्या शब्दाने ओळखला जातो. नाव संस्कृत श्लोकात बसलं आहे, पण वावर बाजारातला आणि घाटावरचा आहे.

ढुंढि चं धुंडि का झालं? ढ आणि पाठोपाठ पुन्हा ढ, असे दोन जड महाप्राण लागोपाठ उच्चारायला मराठी जीभ राजी नसते. एकाचा जोर गेला, पहिला ढ दाताकडे सरकून ध झाला आणि धुंडिराज हे रूप रुळलं. ते अशुद्ध नाही, मराठीने आपलंसं करून घेतलेलं रूप आहे. फाळक्यांचं नावही तसंच लिहितात.

ताईंच्या कामाची आणखी एक गोष्ट. गणेशपुराणातल्या गणेशसहस्रनामात एक भाग वर्णमालेच्या क्रमाने येतो. त्यात ढ च्या जागी ही ओळ आहे: ‘ढक्कानिनादमुदितो ढौको ढुण्ढिविनायकः’. ढक्का म्हणजे मोठा ढोल, त्याच्या आवाजाने आनंदणारा. गुरुजींना ही ओळ दाखवा. ढ वरून नाव नाही म्हणतात, तर सहस्रनामात एकाच ओळीत तीन आहेत.

मग नाव इतकं दुर्मिळ का राहिलं? मला वाटतं, आपण रोज म्हणतो त्या संकटनाशन स्तोत्रातल्या बारा नावांत ते नाही. वक्रतुंड, एकदंत, लंबोदर, भालचंद्र, विनायक, गणपती, गजानन ही सगळी तिथे आहेत. अष्टविनायकांतही ते नाही, त्यामुळे मोरेश्वर, चिंतामणी, बल्लाळ यांच्यासारखा त्याला गावचा आधार मिळाला नाही. हे काशीचं नाव. ज्यांची काशीची ये-जा होती, ज्यांच्या घरी पुराण वाचलं जाई, त्यांच्याच घरात ते राहिलं.

तिसरी_ब_च्या_बाई

मेनरोड, तुमची काळजी खरी आहे, पण माझा अनुभव वेगळा आहे. सिडकोतल्या एका शाळेत मी कितीतरी वर्षं पहिली ते चौथीला शिकवते. मुलं नाव अवघड म्हणून चिडवत नाहीत. ज्याला स्वतःच्या नावाबद्दल सांगता येत नाही, जो विचारल्यावर खाली बघतो, त्याला चिडवतात. सोप्या नावांचीही ती टर उडवतात, आरवलासुद्धा सोडत नाहीत.

माझ्या वर्गात पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाने उभं राहून आपलं नाव आणि त्याचा अर्थ सांगायचा असतो. बहुतेक जण ‘आईला आवडलं म्हणून’ एवढंच सांगतात. ज्याला गोष्ट सांगता येते त्याच्या नावाचा पुढे वर्षभर मान राहतो. म्हाताऱ्या ज्योतिषाचं सोंग घेतलेल्या गणपतीची गोष्ट सांगणारा मुलगा आठ वर्षांच्या पोरांमध्ये काय भाव खाईल, तुम्हीच सांगा.

आणि ‘ढ’चं म्हणाल तर तेही मुलांना सांगते. ब्राह्मी लिपीतला ढ आणि आपला आजचा ढ जवळजवळ सारखेच दिसतात. बाकीची अक्षरं इतक्या शतकांत बदलत गेली, हा होता तिथेच राहिला, म्हणून न शिकणाऱ्याला ढ म्हणतात असं सांगण्याची पद्धत आहे. मी फळ्यावर दोन्ही ढ काढून दाखवते. मुलांना त्या अक्षराचं उलट कौतुक वाटायला लागतं, इतका जुना आणि तसाच!

सिन्नरचा_पाहुणा

दोन शंका. एक, ताईंच्या आई म्हणतात तसं धोंडो आणि धुंडिराज एकच का? दोन, आमच्याकडे होळीला ढुंढा राक्षसीचं नाव घेतात. तिचा या नावाशी काही संबंध निघाला तर पंचाईत व्हायची.

अक्षरओळख

दुसरीचं आधी. ढुंढा राक्षसीची कथा भविष्यपुराणातली. रघुराजाच्या काळात ती लहान मुलांना त्रास द्यायची, मग मुलांनी आग पेटवून, आरडाओरडा करून तिला पळवून लावलं. होळीच्या बोंबा त्यावरून आल्या असं सांगतात. नावाचा आवाज जवळचा असला तरी कथा वेगळी, ग्रंथ वेगळा, आणि ढुंढिराजाशी तिचं काही नातं सांगितलेलं नाही.

पहिली शंका जास्त महत्त्वाची. धोंडो, धोंडू, धोंडिबा ही नावं धोंडा म्हणजे दगड यावरून. आधीची मुलं दगावली की पुढच्याला मुद्दाम दगडू, धोंडू असं नाव ठेवायचे, दृष्ट लागू नये आणि पोर दगडासारखं टिकावं म्हणून. त्या नावांमागे आईबापांचा जीव मुठीत धरलेला असे, ती हलकी समजू नयेत. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो केशव, आणि ते १०४ वर्षं जगले! पण धुंडिराज नवसाचं नव्हे, ते देवाचं नाव आहे. घरी हाक मारताना धुंडिराजाचा ‘धोंडू’ होत असेल, तिथे दोन्हींची सरमिसळ झाली. ताईंच्या आईंना तेच आठवत असणार.

जुनी_चोपडी

लोकप्रियतेबद्दल माझ्याकडे आकडे नाहीत, पण डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

गेल्या पितृपक्षात आम्ही रामकुंडावर आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो होतो. त्यांच्याकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात, पिढ्यान् पिढ्या गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, कोण आलं, कुणाबरोबर आलं, सगळं लिहिलेलं. गुरुजींनी कापडी बांधणीची लांबट चोपडी काढली. वरची पानं बॉलपेनची, मग टाकाची, आणि खाली बोरूने लिहिलेली मोडी. मी मोडी शिकलोय म्हणून बोट ठेवून वाचत गेलो. आमच्याच घराण्यात एक धुंडिराज निघाले! त्यांच्या नातवाचंही नाव धुंडिराज. म्हणजे आजोबाचं नाव नातवाला, जुनी रीत. त्यानंतर मात्र नाव नाही. घरात कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा भेद नसतो, त्यामुळे धुंडिराज की धुंडीराज हा वाद तिथे उद्भवतच नाही. मराठी लिहिताना धुंडि ऱ्हस्व ठेवा, कारण मूळ शब्द ढुण्ढि आहे.

नाव का लोपलं याबद्दल त्या दिवशी गुरुजींनी एक कारण सांगितलं, ते मला पूर्ण पटलं. नातवाला आजोबाचं नाव ठेवलं की घरातल्या सुनेची अडचण व्हायची. सासऱ्याचं नाव तिने उच्चारायचं नाही, मग पोराला हाक कशी मारणार? म्हणून त्याला बाळ म्हणायचे, नाना म्हणायचे, दादा, आबा, तात्या. पोर साठीचं झालं तरी तेच. खरं नाव राहायचं मुंजीच्या संकल्पात आणि चोपडीत. पंचवटीकर म्हणाले ना, की फाळके कायम दादासाहेबच राहिले, त्यामागे ही सगळी रीत आहे. जुनी जड नावं कुणी टाकून दिली नाहीत, ती हाकेतून गेली. जे नाव दारातून जोरात हाक मारून कुणी घेत नाही, ते पुढच्या पिढीच्या डोक्यात येत नाही.

म्हणून माझं ताईंना एकच सांगणं आहे. ठेवणार असाल तर घरात ते नाव वापरा. कागदावर धुंडिराज आणि घरात पिंट्या असं करणार असाल तर नका ठेवू.

गोदाकाठची

जुनी चोपडी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, माझ्या सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला कधी नावाने हाक मारली नाही, ‘बाळासाहेब’च म्हणायच्या, कारण त्यांचं खरं नाव सासऱ्यांच्या वडलांचं होतं. मला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं! आता आम्हीही आमच्या उपाध्यायांकडे जाऊन चोपडी बघणार आहोत.

मीच_तो_धुंडिराज

एका भाचीने हा धागा पाठवला म्हणून सदस्य झालो. माझं नाव धुंडिराज, वय साठीच्या पुढे, राहणार नाशिकरोड. आजोबांचं नाव मिळालं. आई मला ‘धुंडी’ म्हणायची, वडील पूर्ण नावाने हाक मारायचे. शाळेत चिडवलं का? हो, थोडं. पण वर्गात पाच संजय होते आणि चार अनिल. बाई संजय म्हणाल्या की पाच जण उभे राहायचे, धुंडिराज म्हणाल्या की मी एकटाच. नोकरीत तर नावाचा फायदाच झाला. तीस वर्षांनी भेटलेला माणूसही नाव विसरलेला नसायचा.

त्रास झाला तो कागदांचा. इंग्रजीत माझं नाव एका ठिकाणी ‘यू’ घालून, दुसरीकडे ‘ओ’ घालून, आणि एका दाखल्यावर तर चक्क ‘धनराज’ झालं. निवृत्तीच्या वेळी एका कार्यालयात ‘हे तुम्हीच कशावरून’ म्हणून मला प्रतिज्ञापत्र करायला लावलं. तेव्हा जन्मदाखल्यावर पहिल्याच दिवशी स्पेलिंग पक्कं करा. डी एच यू एन डी आय आर ए जे, नऊ अक्षरं, मध्ये कुठेही दुसरा एच नको, शेवटी ए नको.

आणखी एक मजेची गोष्ट सांगतो. मला ज्योतिषाची आवड लागली ती नावामुळेच. ‘जातकाभरण’ हा फलज्योतिषाचा जुना ग्रंथ ढुंढिराज दैवज्ञाचा आहे. तो आपल्याच गोदावरीकाठचा, पार्थपूरचा, सोळाव्या शतकातला. मंदाकिनीताईंनी सांगितलेल्या कथेत गणपती ज्योतिषी होऊन येतो, आणि इथे ज्योतिषाचं नाव ढुंढिराज! दुसरे एक ढुंढिराज तंजावरच्या मराठी राज्यातले, त्यांनी १७१३च्या सुमारास ‘मुद्राराक्षस’ नाटकावर टीका लिहिली. ती पुढे काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी संपादून छापली. संपादकाच्या नावात काशीही आहे आणि त्र्यंबकही, याचा मला फार आनंद झाला होता.

माझ्या मुलांची नावं मात्र मी काळाप्रमाणे ठेवली. नातवाच्या वेळी सुनेला विचारायचा धीर झाला नाही. ताई, तुम्ही ठेवणार असाल तर मला खरंच फार बरं वाटेल.

मेनरोड

काका, पाच संजयांचा मुद्दा पटला. आमच्या सोसायटीत आत्ता तीन विहान आहेत, खालून हाक आली की तीन गॅलऱ्यांतून उत्तर येतं. ध वरून धुंडिराजला माझी हरकत नाही. ढ वरून लिहू नका, एवढं माझं मत कायम आहे.

उंटवाडी_७

नोंदणीचं काम मी जवळून पाहिलंय, म्हणून लिहिते. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, ती सहसा रुग्णालयाकडून होते. त्या वेळी नाव ठरलं नसेल तर नावाचा रकाना रिकामा राहतो. घाई करू नका. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९च्या कलम १४ प्रमाणे नोंदणीनंतर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. पण एकदा घातलेलं नाव बदलणं कटकटीचं आहे. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, पासपोर्ट अशा कामांत जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरतात, त्यामुळे मराठी आणि इंग्रजी दोन्ही रकाने सही करण्याआधी अक्षर न् अक्षर वाचा. मराठीत टंकताना ‘धुंडिराज’चं ‘धुंडीराज’ हमखास होतं, तिथे लक्ष ठेवा. काकांनी सांगितलेलं स्पेलिंग एका चिठ्ठीवर लिहून भावाच्या खिशात ठेवा.

ढ की ध याचा इंग्रजीत प्रश्नच नाही, दोन्हींना डी एच.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही सगळे बसलो आणि ठरवलं.

नाव धुंडिराज. दाखल्यावर, शाळेत, घरात, सगळीकडे. पत्रिकेत मात्र ढुंढिराज लिहायचं. गुरुजींना सहस्रनामातली ओळ दाखवली, ते खूश झाले. म्हणाले, इतकी वर्षं म्हणतोय, पण ढ वरून नाव काढायला कधी सुचलं नाही. बारशाला मी कानात पूर्ण श्लोक म्हणणार आहे, आणि मग ढुंढिराज, धुंडिराज दोन्ही.

घरात टोपणनाव ठेवायचं नाही असं वहिनीने स्वतःहून जाहीर केलंय. आजीने बाळू म्हटलं तर दंड! आईने विचारलं, मग लाडाने काय म्हणायचं? वहिनी म्हणाली, धुंडी म्हणा की, काकांची आई म्हणायचीच ना.

काका, तुम्हाला निरोप पाठवलाय, पत्ता कळवा. बारशाला तुम्ही यायचंच आहे, सूनबाईंना आणि नातवालाही घेऊन या.

मीच_तो_धुंडिराज

येतो! पेढे माझ्याकडून.

मंदाकिनीतीरी

ताई, श्लोक म्हणताना ‘सर्वार्थढुण्ढिततया’ इथे अडखळायला होतं, ‘सर्वार्थ’ पाशी थोडं थांबा आणि मग पुढे जा. ‘प्रथितोऽस्ति’ सलग म्हणा. आणि बाळ रडत असलं तरी पूर्ण म्हणा, मधेच सोडू नका.

सिन्नरचा_पाहुणा

बायको गरोदर आहे आमची. डोंगरावरचं किंवा नदीवरचं असंच एखादं विस्मरणात गेलेलं मुलीचं नाव कुणाला माहीत असेल तर सांगा, नवीन धागा काढतो.